धक्क्याच्या टोकावरची शेड

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीतील इंग्लंडच्या क्रोमर गावावरचा लेख वाचला. १९०१ साली खुला झालेला धक्का, त्यावरचे नाट्यगृह, दोरीला मांसाचा तुकडा बांधून खेकडे धरणारी आणि परत समुद्रात सोडणारी मुले, हे सारे छान उतरले आहे. मात्र धक्क्याच्या टोकावरील जीवरक्षक नौकेच्या शेडची 'एक जुनी इमारत' एवढ्यावर बोळवण व्हावी, हे खटकले. शिवाय ती शेड जुनी नाहीच. १९२३ची मूळ शेड १९९८ च्या सुमारास हलवून साउथवोल्ड या गावाला दिली गेली आणि तिच्या जागी नवी उभी राहिली.

शेड टोकाला का, हे समजण्यासाठी ९ जानेवारी १९१७ चा दिवस आठवावा लागतो. तेव्हा वल्ह्यांची नौका वाळूवरून, गावकऱ्यांनी छातीभर पाण्यात शिरून, समोरून येणाऱ्या लाटांत लोटावी लागे. त्या दिवशी एका ग्रीक जहाजावरील १६ जणांना आणून खलाशी पुरते दमले असतानाच 'फर्नेबो' या स्वीडिश जहाजाचे स्फोटात दोन तुकडे झाले. आधीच्या प्रयत्नांत नौका मागे फेकली गेली, वल्हीही मोडली. तरीही पुन्हा जाऊन त्यांनी ११ जणांना वाचवले. पुढे इंजिनाची नौका आली, तेव्हा ती उतारावरून थेट खोल पाण्यात सोडता यावी म्हणून शेड धक्क्याच्या टोकाला बांधली गेली.

त्या नौकेचा तांडेल हेन्री ब्लॉग (नौकेच्या प्रमुखासाठीचा आमच्या कोकणातला हाच शब्द त्याला शोभतो) एरवी खेकड्यांची मासेमारी करी आणि उन्हाळ्यात पर्यटकांना आरामखुर्च्या भाड्याने देई. ५३ वर्षांच्या सेवेत ८७३ जीव वाचवण्यात त्याचा वाटा होता आणि त्यांतल्या काही विशेष धाडसी बचावांसाठी त्याला तीन सुवर्णपदके मिळाली. या जीवरक्षक नौका चालवणारी १८२४ पासूनची 'रॉयल नॅशनल लाइफबोट इन्स्टिट्यूशन' ही संस्था आजही मुख्यतः देणग्यांवर आणि स्वयंसेवकांवर चालते. म्हणजे लेखकाने पाहिलेली मौज आणि न पाहिलेली शेड, दोन्ही एकाच गावकऱ्यांच्या हातची आहेत.

मुलीकडे गेलो असता मी त्या धक्क्यावर नातवाची खेकड्यांची बादली धरून तासभर उभा होतो आणि शेडकडे पाठ करून होतो, हेही कबूल करतो. निदान इमारतीविषयीची दुरुस्ती पुढील अंकात छापावी, ही विनंती.

आपला,
एक वाचक, रत्नागिरी