क्लास सोडलेला नाही

ताळगाव,
शनिवार रात्र

ती. बाबा आणि ती. आई यांना साष्टांग नमस्कार.

आई, मंगळवारी फोनवर तू विचारलंस, "मागे गाणी कसली गो?" मी म्हटलं, शेजारी वाढदिवस आहे. वाढदिवस कुणाचा नव्हता. मी व्यायामाच्या क्लासच्या दाराबाहेर उभी राहून तुझ्याशी बोलत होते. क्लास सोडला असं पंधरा दिवसांपूर्वी सांगितलं, तेही खोटंच. तुला खोटं सांगितलं की मला जेवण जात नाही. तसं ते हल्ली एरवीही फारसं जात नाही म्हणा. फोनवर सांगायला गेले तर तू रडणार, मग बाबा फोन घेणार, "बघूया" म्हणणार आणि विषय तिथेच संपणार. म्हणून लिहायला बसले.

क्लास चालू आहे आणि चालूच राहणार आहे. रागावू नकोस, पुढचं वाच.

सातव्या आठवड्यात सोनोग्राफीत ठोके दिसले, त्याच दिवशी मी डॉक्टरीणबाईंना विचारलं होतं. त्या म्हणाल्या, अंगावरून काही जात नाही, बीपी नाही, तीन वर्षांची सवय आहे, मग थांबायचं कशाला? बाबांना हिशेब लागतो, तो देते. जागतिक आरोग्य संघटना गरोदर बाईला आठवड्याला निदान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते. मंगळवार-गुरुवार क्लास पाऊण-पाऊण तास, म्हणजे ९०. सोमवार, बुधवार, शुक्रवार मिरामारला वीस-वीस मिनिटं चालणं, तुमचे जावई सोबत असतात. झाले १५०. पाऊस कोसळत असला तर खाली पार्किंगमध्ये फेऱ्या.

तुमच्या वेळी झोपून राहा म्हणायचे, हे मला माहीत आहे. आणि ते कुणी अडाणी लोक म्हणत होते असंही नाही. अमेरिकेतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेनेच १९८५ मध्ये लिहिलं होतं की गरोदरपणी व्यायाम करताना नाडी १४० च्या वर जाऊ देऊ नका. १९९४ मध्ये त्यांनीच तो आकडा काढून टाकला. आता पद्धत सोपी आहे: व्यायाम करताना बोलता आलं पाहिजे, गाता आलं नाही तरी चालेल. बोलायचं काय, तर मी पाढे म्हणते. सतरा चोक अडुसष्टला धाप लागली की वेग कमी. टीचर हसतात. बाबा, पडवीत उभं करून म्हणवून घेतलेले पाढे असे कामाला येतील असं तुम्हाला तरी वाटलं होतं का?

उड्या बंद केल्या आहेत. आठ किलोची वजनं चारवर आणली. चौथा महिना संपला की उताणं झोपून करायचे प्रकारही बंद. हॉलमध्ये एसी असतो, पाण्याची बाटली हाताशी असते, अंग तापू देत नाही. दादाला सांगा, ग्रँड आयलंडला पाण्याखाली न्यायचा बेत यंदा रद्द. डायव्हिंगला बाळंतपणापर्यंत सक्त मनाई आहे.

एकदा गरगरलं. लपवत नाही. दुपारचं सगळं उलटून पडलं होतं आणि मी तशीच रिकाम्या पोटी गेले. टीचरनी लगेच बसवलं, पाणी दिलं, आणि तुमच्या जावयांनी गाडीत घरापर्यंत भाषण दिलं. तेव्हापासून साडेपाचला पोयी आणि केळं खाल्ल्याशिवाय निघत नाही. रक्त दिसलं, पोटात कळ आली, छातीत दुखलं किंवा पोटरी सुजली तर तिथल्या तिथे थांबायचं आणि डॉक्टरांना फोन. हा कागद फ्रिजवर लावला आहे.

खाण्याची काळजी करू नकोस. सकाळी उकड्या तांदळाची पेज, तीच तेवढी पोटात राहते. तू दिलेली तोरांच्या लोणच्याची बरणी अर्धी झाली. फोलिक ॲसिडची गोळी चुकत नाही. मोरी मासळी सोडली, तिच्यात पारा असतो म्हणतात. बांगडे, तारले चालतात. पपईचं तर मी तुझं निमूट ऐकलंच. आणि आजीची आणि तुझी साखर माझ्याकडे यायची भीती आहे, ती चालण्या-हलण्याने कमी होते. ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी रक्त काढलं, १४० च्या आत हवी होती, ११८ आली. चोवीस आठवड्यांनंतर पुन्हा काढतील.

आता जे लिहायचं होतं ते.

तू दर फोनला म्हणतेस, पाणी उचलू नको. आमच्याकडे नळ आहे आई, चोवीस तास. तू माझ्या बादलीविषयी बोलत नसतेस हे मला कळतं. मावशीने मला सांगितलं, माझ्या लग्नाच्या आदल्या वर्षी, त्या मे महिन्याचं आणि त्या कळशीचं. दादाच्या आधीचं. तू मला कधी सांगितलं नाहीस, म्हणून मीही विचारलं नाही. पण डॉक्टरीणबाईंना मी तुझं नाव न घेता विचारलं. त्या म्हणाल्या, पहिल्या तीन महिन्यांत जे जातं, त्यातलं निम्म्याहून अधिक मुळातच गुणसूत्रांत चूक असल्यामुळे जातं. रुजतानाच चुकलेलं असतं. रोजच्या कामाने, पाणी भरण्याने ते जात नाही. आजी तेव्हा तुला जे बोलली, ते तिला ठाऊक नव्हतं म्हणून बोलली असेल. तुला ते इतकी वर्षं खरं वाटत राहिलं, याचं मला फार वाईट वाटतं. यापुढे मी हा विषय काढणार नाही. तू काढलास तर ऐकेन.

लहानपणी ताप आला की तू पाठीवरून हात फिरवत बसायचीस, हातातल्या काकणांचा आवाज यायचा. परवा रात्री मळमळत होतं तेव्हा मला तोच आवाज हवा होता.

चवथीला आम्ही दोन दिवस आधी येतो. गाडीने येऊ, वळणांवर सावकाश. तोवर बारावा आठवडा लागेल. बाबा, गणपतीवरची माटोळी बांधायला तुम्ही शिडीवर चढायचं नाही, दादा चढेल. तुम्ही खालून कांगणं-सुपाऱ्या द्या आणि चुका काढा. आई, नेवऱ्या शंभर करायच्या नाहीत, पन्नास पुरे, त्याही खुर्चीवर बसून. बीपीची गोळी पूजेच्या गडबडीत विसरतेस, या वेळी मी मोजणार आहे. आणि फुगडीला मला कुणी ओढू नका. गरगर फिरून पडले तर ते बरं नव्हे, एवढं मलाही कळतं. मी बाजूला बसून गाणी म्हणेन. सगळ्या बायकांना तू आधीच काही सांगू नकोस, तीन महिने पुरे होऊ देत. हे तुझंच म्हणणं, ते मात्र मला पटतं.

मंगळवारी-गुरुवारी सहा ते सात फोन करू नकोस. सव्वासातला मीच करीन. रुसून बसलीस तरी उचल.

तुमची,
बाय