सिंधुदुर्ग पाहायला पुरेसा वेळ मिळावा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मालवणच्या सिंधुदुर्ग किल्ल्यावर पर्यटकांना मिळणाऱ्या अपुऱ्या वेळेकडे आपल्या दैनिकातून संबंधितांचे लक्ष वेधू इच्छितो.

नाताळच्या सुट्टीत आम्ही घरची मंडळी, वयस्कर आई आणि मुलांसह, साताऱ्याहून फोंडा घाटमार्गे मालवणला गेलो होतो. धक्क्यावर होडीत बसतानाच बजावण्यात आले की, तासाभरात किल्ला पाहून याच होडीने परतायचे. सहा-सात तासांचा प्रवास करून आलेल्या कुटुंबाला ज्या ठिकाणासाठी आलो तिथे जेमतेम एक तास मिळावा, हे मनाला फार लागले.

या किल्ल्याचा दरवाजा समुद्रातून दिसत नाही. होडी तटाजवळ आली तरी आमची धाकटी ‘दार कुठे आहे?’ म्हणून विचारत होती. दोन बुरुजांमधल्या वळणातून आत शिरल्यावरच तो एकदम समोर येतो. शत्रूच्या तोफांना त्यावर थेट मारा करता येऊ नये यासाठीची ही रचना मुलांना नीट दाखवायची, तर पुन्हा बाहेर येऊन, वळण घेऊन आत जावे लागते, आणि तसे करण्यातच बराच वेळ सरला. पुढे महाराजांच्या हाता-पायांचे ठसे, छत्रपती राजाराम महाराजांनी उभारलेले शिवराजेश्वर मंदिर आणि दूधबाव, साखरबाव, दहीबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी. भोवती खारा समुद्र असताना इथले पाणी गोड कसे, हे आई बावीच्या काठावर टेकून तिथे राहणाऱ्या एका बाईंना विचारत होती. त्यांचे बोलणे अर्ध्यावर तोडून मला तिला उठवावे लागले.

तटबंदी तर राहूनच गेली. कुरटे बेटावर २५ नोव्हेंबर १६६४ रोजी पायाभरणी झाली, पायात शिसे ओतले गेले आणि सुमारे तीन वर्षांत भर समुद्रात सुमारे ४८ एकरांचा हा जलदुर्ग उभा राहिला. त्याचा जवळपास तीन किलोमीटरचा नागमोडी तट म्हातारी माणसे आणि लहान मुले बरोबर असताना तासाभरात, बाकीचे सगळे पाहून, फिरून होणे शक्यच नाही. तटावरून पद्मगड आणि मालवणचा किनारा दाखवल्याशिवाय आरमाराची गोष्ट मुलांना सांगायची तरी कशी?

जुलै २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत गेलेल्या बारा किल्ल्यांत सिंधुदुर्गाबरोबर आपल्या जिल्ह्यातील प्रतापगडही आहे. प्रतापगडावर आम्ही मुलांना घेऊन दुपारपर्यंत रेंगाळतो, तिथे कोणी घाई करत नाही. सिंधुदुर्गावर जाण्या-येण्याचे साधन होडीच आहे, हा फरक मला मान्य आहे. पावसाळ्यात वाहतूक बंद असते, त्यामुळे होडीवाल्यांना वर्षाची कमाई उरलेल्या महिन्यांत करावी लागते, आणि होडी रिकामी थांबवणे त्यांना परवडत नाही. त्यांची अडचण खरी आहे. म्हणूनच होडी थांबवा अशी माझी मागणी नाही. ज्या होडीने गेलो तिनेच परतण्याची सक्ती तेवढी काढावी. परतीच्या तिकिटावर दिवसभरातील कोणत्याही होडीत बसता यावे, त्या फेरीचे पैसे होडीमालकांनी आपसांत वाटून घ्यावेत आणि शेवटच्या फेरीची वेळ तिकिटावर ठळक छापलेली असावी. त्यासाठी भाडे थोडे वाढले तरी आमच्यासारखी कुटुंबे ते आनंदाने देतील. लोक अधिक वेळ थांबले, तर किल्ल्यात राहणाऱ्या कुटुंबांकडील कोकम सरबताला आणि शहाळ्यांनाही गिऱ्हाईक वाढेल.

जिल्हा प्रशासन, पुरातत्त्व विभाग आणि होडीमालक यांनी एकत्र बसून मे महिन्याच्या सुट्टीतील गर्दीपूर्वी याबाबत निर्णय घ्यावा, ही कळकळीची विनंती.

आपला,
एक वाचक, सातारा