उन्हात हवा कमी केल्यानेच टायर फुटतो

मा. संपादक,

स.न.वि.वि.

एप्रिल लागला की पंपावरच्या हवेच्या नळीपाशी एक सूचना हमखास कानावर पडते : ‘ऊन फार आहे, दोन-चार कमीच ठेव रे.’ सांगणाऱ्याचा त्यावर विश्वास असतो आणि भरणाऱ्याचाही. मग ती गाडी तशीच समृद्धी महामार्गाला लागते. आत पाच माणसे, डिकीत लग्नाच्या बॅगा, काटा १२० वर. उन्हाने हवा फुगते, फुगून टायर फुटतो, म्हणून आधीच थोडी जागा ठेवावी असा हा हिशेब. सायकलच्या ट्यूबपासून चालत आला असल्याने तो पटतोही. मोटारीच्या रेडियल टायरला (नक्षीखाली पोलादी पट्टे असलेल्या आजच्या टायरला) तो लावला की नेमके उलटे घडते. कसे, ते आकड्यांनी मांडावे म्हणून हे पत्र.

समजा, सकाळी २७ अंश तापमानाला टायरमध्ये ३३ पीएसआय (पंपावर सांगतो तो हवेच्या दाबाचा आकडा) हवा भरली. महामार्गावर तासभर धावल्यावर आतली हवा ६० अंशांपर्यंत तापली, तर दाब होतो साधारण ३८. वाढला तो पाचच. टायरच्या कडेवर छापलेला कमाल दाब बहुतेक मोटारींना ४४ किंवा ५१ असतो, आणि तोही थंड टायरचा. म्हणजे तापल्यावरची वाढ गृहीत धरूनच टायर बनवलेला असतो. धडधाकट टायर निव्वळ दाबाने फुटायचा तर त्यात याच्या कितीतरी पट हवा कोंबावी लागेल. पण ढाब्यावर थांबून कोणी तो तापलेला ३८ पाहिला, ‘जास्त झाली’ म्हणून ३३ वर आणला, तर दुसऱ्या दिवशी पहाटे थंड टायरमध्ये उरते जेमतेम २८. भरलेल्या गाडीच्या मागच्या चाकांना कंपनीने ३६ सांगितली असेल तर तूट आठची झाली.

आता या तुटीने काय होते ते पाहा. टायर उन्हाने थोडा तापतो आणि स्वतःच्या लवण्याने पुष्कळ. रस्त्याला टेकलेला भाग दर फेऱ्याला दबतो, बाजूची भिंत बाहेर वाकते, पुढे जाऊन सरळ होते. मध्यम मोटारीच्या चाकाचा घेर सुमारे १.९ मीटर धरला, तर ताशी १२० किमी वेगाला चाक मिनिटाला हजाराहून जास्त फेऱ्या मारते. म्हणजे भिंत मिनिटाला हजार वेळा वाकते. तार सारखी वाकवत राहिले की ती वाकते तिथे गरम होते, तसेच हे. हवा कमी तेवढे वाकणे जास्त आणि उष्णता जास्त. ही उष्णता साठते ती नक्षीखालच्या पोलादी पट्ट्यांच्या कडांशी, म्हणजे नक्षी आणि भिंत जुळते त्या खांद्याजवळ. तिथले रबर तारांची पकड सोडू लागते आणि मग एका क्षणी पट्टा सुटून येतो किंवा भिंत फाटते. आवाज येतो तो फुटल्याचा, बिघाड मात्र तासभर आधीपासून चालू असतो. हवा तुटपुंजी, गाडी भरलेली आणि वेग चढा, या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की ऊन फक्त निमित्त होते.

नागपूर ते आमणे हा ७०१ किमीचा समृद्धी महामार्ग जून २०२५ पासून पूर्ण लांबीने खुला आहे. टायर फुटला की तिथल्या काँक्रीटच्या नावाने बोटे मोडली जातात. वास्तविक भर उन्हात काळे डांबर फिकट काँक्रीटपेक्षा जास्त तापते. फरक आहे तो सलग धावण्यात. जुन्या नाशिक किंवा जालना रस्त्यावर गाव येते, गतिरोधक येतो, ट्रॅक्टर आडवा येतो, चहाची टपरी दिसते. टायरला आपोआप विसावा मिळतो. समृद्धीवर एकदा चढलो की दीड-दोनशे किलोमीटर पाय उचलायचे कारणच पडत नाही. गावातल्या फिरण्यात वर्षभर खपून गेलेली कमी हवा तिथे तासाभरात उघडी पडते. दर दोन तासांनी पंधरा-वीस मिनिटे थांबणे चालकाइतकेच चाकांच्याही कामाचे आहे. थांबल्यावर चारही टायरजवळ हात नेऊन पाहावा. एक चाक बाकीच्यांपेक्षा स्पष्ट गरम लागले तर त्यात हवा कमी आहे किंवा ब्रेक चिकटतो आहे.

मग हवा किती? टायरच्या कडेवरचा आकडा भरायचा नाही, ती कमाल मर्यादा आहे. आपल्या गाडीचा आकडा चालकाचे दार उघडल्यावर खांबावर चिकटवलेल्या स्टिकरवर असतो. काही गाड्यांत पेट्रोलच्या झाकणाच्या आतल्या बाजूला. त्यात दोन रकाने असतात, दोन-तीन माणसांसाठी वेगळा आणि भरलेल्या गाडीसाठी वेगळा. दुसरा रकाना फार थोडे लोक वाचतात. पुढची आणि मागची चाके यांचे आकडेही पुष्कळदा निराळे असतात, त्यामुळे ‘चारीत पस्तीस’ हे सरसकट उत्तर बरोबर ठरेलच असे नाही. स्टिकर किलोपास्कलमध्ये असेल तर २३० म्हणजे ३३ पीएसआय. बारमध्ये असेल तर एक बार म्हणजे साडेचौदा.

हा आकडा थंड टायरचा आहे. गाडी निदान तीन तास उभी असावी, किंवा सावकाश दीड-दोन किलोमीटरच चालली असावी. पंप लांब असेल तर घरच्या मापकाने सकाळी मोजून प्रत्येक चाकात किती कमी आहे ते लिहून ठेवा आणि पंपावर तेवढीच वाढवून घ्या. तापलेल्या टायरमध्ये भरणे भागच पडले तर स्टिकरपेक्षा तीन-चार जास्त भरा व दुसऱ्या सकाळी पुन्हा मोजा. तापलेल्यातून सोडायची मात्र कधीही नाही. तीन-चारशे रुपयांचा साधा मापक गाडीत असावा, कारण पंपावरची यंत्रे दिवसभर आपटत असतात आणि दोन पंपांचे आकडे जुळतीलच असे नाही. पंक्चर नसतानाही महिन्याला एक-दोन पीएसआय हवा झिरपते, म्हणून पंधरा दिवसांनी एकदा मोजावी. थंडीच्या तोंडावर तर नक्कीच : तापमान वीस अंशांनी उतरले की दाब तीन-चारने घटतो. व्हॉल्व्हवर जरा थुंकी किंवा साबणाचे पाणी लावून बुडबुडा येतो का पाहणे ही जुनी युक्ती आजही चोख आहे. व्हॉल्व्हचे रबरही उन्हाने तडकते. नवे टायर घेताना शंभर रुपयांच्या आतला हा व्हॉल्व्ह बदलायला बरेच जण विसरतात.

नायट्रोजनबद्दल विचारणा फार होते. साध्या हवेतच ७८ टक्के नायट्रोजन असतो. शुद्ध नायट्रोजन थोडा सावकाश झिरपतो आणि कोरडा असतो, एवढाच फायदा. तो २८ भरला तर टायर तितकाच तापेल. त्यात साधी हवा मिसळली तर काही बिघडत नाही, तेव्हा नायट्रोजनचे दुकान सापडेना म्हणून कमी हवेवर गाडी दामटू नये.

हवेनंतर टायरचे वय. कडेवर इंग्रजी डीओटी अक्षरांच्या रांगेत शेवटी चार आकडे असतात. २३१९ असेल तर २०१९ चा तेविसावा आठवडा. बाहेरच्या बाजूला न दिसल्यास आतल्या बाजूला शोधावे. पाच वर्षांनंतर दरवर्षी जाणत्याकडून तपासून घ्यावे, आणि दहा वर्षे झालेला टायर कितीही कोरा दिसला तरी काढावा. वर्षाला चार-पाच हजार किमी फिरणाऱ्या आणि सोसायटीत उन्हात उभ्या असणाऱ्या गाड्यांचा घोळ इथेच होतो : नक्षी शाबूत, रबर मात्र वाळलेले, भिंतीवर बारीक भेगा. असा टायर गावात गप चालतो. जुन्या गाडीबरोबर आलेले टायर तर पहिल्या लांब प्रवासाआधी पाहिलेच पाहिजेत.

नक्षीची कायदेशीर किमान खोली १.६ मिमी. खोबणीत आडवे उंचवटे असतात, त्यांच्या पातळीला नक्षी आली की टायर संपला. कडेवरची छोटी त्रिकोणी खूण ते उंचवटे कुठे आहेत ते दाखवते. पावसात तीनच्या खाली गेलेली नक्षीही पाणी पुरेसे बाहेर फेकत नाही. झीज कशी झाली आहे तेही वाचता येते. दोन्ही कडा झिजलेल्या म्हणजे हवा कायम कमी. मधोमध झिजलेला म्हणजे जास्त. एकच कड झिजलेली म्हणजे अलाइनमेंट, म्हणजे चाकांची सरळ रेष, बिघडलेली. जागोजाग खळगे पडले असतील तर शॉकअप किंवा बॅलन्सिंग. खड्ड्यात जोरात आपटल्यावर भिंतीवर फुगा आला तर आतले दोर तुटलेले असतात. त्याला दुरुस्ती नाही, आणि ‘बघू, दिवाळीनंतर बदलू’ हेही नाही.

पंक्चर काढण्याच्या पद्धतीवर थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण नुकसान इथे हौसेने केले जाते. ट्यूबलेस टायरला बाहेरून सुताची पट्टी ठोसणे ही वाटेतली सोय आहे. त्यासाठी छिद्र टोच्याने मोठे करतात, त्यात पोलादी तारा दुखावतात आणि पाणी शिरून गंजतात. लांब पल्ल्याला जाणाऱ्या गाडीचा टायर रिमवरून उतरवून आतून छत्रीसारखा पॅच लावून घ्यावा. पैसे जास्त पडतात, पण त्या निमित्ताने टायर आतून पाहिलाही जातो. छिद्र सहा मिलिमीटरपेक्षा मोठे असेल, किंवा भिंतीत वा खांद्यात असेल, तर दुरुस्ती करू नये. आणि ‘ट्यूब टाकून देतो, काही होत नाही’ या सल्ल्याला नम्र नकार द्यावा. ट्यूबलेसच्या आत ट्यूब घासते आणि तापते. खिळा लागला तर नुसत्या ट्यूबलेसची हवा बहुधा हळूहळू जाते. ट्यूबची मात्र पळभरात निघून जाते. पंक्चर झालेल्या चाकावर दोन-तीन किलोमीटर तशीच गाडी ओढली असेल तर भिंत आतून चिरडलेली असते; रिमजवळ रबराची काळी पूड पडलेली दिसली की तो टायर बाद समजावा.

नवा टायर मूळ मापाचाच घ्यावा. ‘१८५/६५ आर १५ ८८ एच’ यातला ८८ म्हणजे एका टायरला ५६० किलो भार आणि एच म्हणजे ताशी २१० किमीपर्यंतची क्षमता. स्वस्तातला घेताना ८८ चा ८२ झाला तर भार ४७५ किलोवर येतो, आणि दुकानदार तो आकडा आपणहून दाखवेलच असे नाही. दोनच टायर नवे घ्यायचे असतील तर ते मागे लावा, इंजिनाचा जोर पुढच्या चाकांना असला तरी. पुढचे चाक घसरले तर वेग कमी करून गाडी सावरता येते. मागचे घसरले की गाडी गरकन फिरते आणि बहुतेकांना ती आवरत नाही.

स्टेपनीही त्याच दिवशी मोजावी. काही गाड्यांत ती मूळ चाकापेक्षा लहान असते व तिच्यावर ८० किमीची मर्यादा लिहिलेली असते. ती लावून १२० ने जायचे नसते. टायरचा दाब दाखवणारी यंत्रणा आणि पंक्चरचे किट असेल तर स्टेपनी नसली तरी चालते, अशी सवलत २०२० पासून नियमातच आहे, तेव्हा नव्या गाडीत ती आहे का हे आधी पाहून घ्या. दाबाचा इशारा देणारा दिवा उपयोगी खराच, पण पुष्कळ गाड्यांत तो सुमारे पाव हिस्सा हवा गेल्यावर पेटतो. ३३ ची २५ झाल्यावर. तोवर तो गप्प असतो.

एवढे करूनही टायर फुटलाच तर ब्रेकवर पाय मारायचा नाही. फुटलेले चाक आधीच गाडीला एका बाजूला ओढत असते. जोरात ब्रेक दाबला की ती ओढ वाढते आणि गाडी दुभाजकावर जाते. स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरून गाडी सरळ ठेवा. ॲक्सिलरेटर झटकन न सोडता हळूहळू सोडा. क्रूझ कंट्रोल (वेग आपोआप कायम ठेवणारी सोय) चालू असेल तर तो बटणाने बंद करा. वेग चाळीस-पन्नासवर आला की हलका ब्रेक लावत डावीकडे या. सर्वांनी डाव्या दारांनी उतरून कठड्याच्या पलीकडे उभे राहावे, लाल त्रिकोण शंभरेक मीटर मागे ठेवावा आणि ११२ ला कळवावे. वाहत्या रस्त्याकडे पाठ करून उजवे चाक बदलत बसू नये.

आता एक मागणी. २०२३ मध्ये परिवहन विभागाने समृद्धीच्या प्रवेशाशी टायर तपासण्याची मोहीम घेतली, गुळगुळीत गोटा झालेल्या टायरच्या गाड्या माघारी पाठवल्या. ते योग्यच होते. परंतु झीज डोळ्यांना दिसते, हवा दिसत नाही. रेडियल टायर २५ वर आणि ३३ वर जवळपास सारखाच दिसतो. मोफत हवा ही पेट्रोल पंपावरची बंधनकारक सोय आहे. तशीच चालू स्थितीतली, वेळोवेळी पडताळलेली हवेची यंत्रे प्रत्येक प्रवेश टोल नाक्याच्या अलीकडे बसवावीत, आणि शेजारच्या फलकावर ‘भरलेल्या गाडीचा रकाना वाचा’ एवढे मराठीत लिहावे. तिथवर गाडी तापून आलेली असेल, त्यामुळे तीन-चारची भर धरण्याची सूचनाही त्याच फलकावर हवी. नाहीतर तिथला कर्मचारीच हवा सोडू लागेल.

– टायर व अलाइनमेंट व्यवसायातील एक वाचक, जालना