'कॅडेव्हर' म्हणजे नक्की काय?

मा. संपादक,

अवयवदानाच्या बातमीत 'कॅडेव्हर दाता' आणि देहदानाच्या बातमीतही 'कॅडेव्हर' (म्हणजे मृतदेह), असं सर्रास छापलं जातं. या शब्दाची व्युत्पत्तीही व्हॉट्सॲपवर फिरते: लॅटिन 'कारो दाता व्हर्मिबस', म्हणजे किड्यांना दिलेलं मांस, यातली पहिली अक्षरं जोडून हा शब्द झाला म्हणे. ऐकायला झकास, पण मागाहून रचलेली. मूळ धातू लॅटिन 'कादेरे', म्हणजे पडणे. जे आता उभं राहू शकत नाही ते, असा खुलासा सातव्या शतकात स्पेनमधल्या सेव्हिलच्या इसिडोर या बिशपनं करून ठेवला आहे. आपल्याकडे धारातीर्थी 'पडतात', तसंच. 'ॲक्सिडेंट' याच कुळातला. मृतदेहासाठीचा दुसरा इंग्रजी शब्द 'कॉर्प्स' वेगळ्या घरचा. 'कॉर्पस' म्हणजे नुसतं शरीर, आणि इंग्रजीत तो एके काळी जिवंत माणसाच्या शरीरालाही चालायचा.

व्युत्पत्ती चुकली तर कुणाचं अडत नाही. दोन दानांची गल्लत मात्र महागात पडते. किडनी, यकृत देणारा दाता आयसीयूत व्हेंटिलेटरवर असतो, त्याचं हृदय चालू असतं. चार डॉक्टरांचं मंडळ किमान सहा तासांच्या अंतरानं दोनदा तपासून त्याला मेंदूमृत, म्हणजे मेंदू कायमचा बंद पडलेला, ठरवतं. तिथं 'मेंदूमृत दाता' असंच छापावं. घरी हृदय थांबल्यावर किडनी देता येत नाही. डोळे मात्र सहा तासांच्या आत देता येतात, आणि डोळे दिले म्हणून देहदान अडत नाही.

देहदान वैद्यकीय महाविद्यालयाच्या शरीररचनाशास्त्र विभागात होतं. देह टिकावा म्हणून मांडीच्या रोहिणीत नळी घालून फॉर्मालिन, ग्लिसरीन आणि पाण्याचं आठ-दहा लिटर मिश्रण हळूहळू सोडतात. मध्ये रक्ताची गुठळी आली की एखादा पाय कोरडा राहतो, बोटं मऊ पडून कुजू लागतात. मग सुईनं ठिकठिकाणी द्रव टोचत बसावं लागतं. उशीर झाला की गुठळ्या वाढतात, म्हणून उन्हाळ्यात शीतपेटीशिवाय थांबू नये. पोस्टमार्टेम झालेल्या देहात रक्तवाहिन्या कापलेल्या असतात, सोडलेला द्रव बाहेर येतो. त्यामुळे पोस्टमार्टेम होणारा पोलिस केसमधला देह महाविद्यालयं नाकारतात. मृताला एचआयव्ही, कावीळ ब, क्षय असला तरीही नाकारतात. याचा राग मानू नये.

देहदानाचा फॉर्म भरून कपाटात ठेवला एवढ्यानं भागत नाही. ऐन वेळी मुलगा-मुलगी अडून बसली तर महाविद्यालय देह नेत नाही. मृत्यू घरी झाला असेल तर आधी डॉक्टरांकडून मृत्यूच्या कारणाचा दाखला (नमुना ४-अ) घ्यावा, मृताच्या आणि नातेवाइकांच्या आधारच्या झेरॉक्स काढाव्यात आणि गाडी काढण्यापूर्वी विभागाला फोन करावा. शिवाय तिसऱ्या दिवशीच्या रक्षाविसर्जनाला रक्षा नसते, हे भावकीला आधीच सांगून ठेवलेलं बरं.

— शरीररचनाशास्त्राचे दोन शिक्षक, कोल्हापूर