मोकळ्या मॅपवरची लढाई

प्रिय मित्रा,

तुझं पत्र मिळालं. ओपन वर्ल्ड लष्करी गेममध्ये, म्हणजे अख्खा मुलूख मोकळा असलेल्या लढाईच्या व्हिडिओ गेममध्ये, अर्धा तास चालायचं, दोन मिनिटं गोळ्या झाडायच्या आणि कुठूनतरी आलेल्या एकाच गोळीनं संपायचं, यात लोकांना एवढं काय सापडतं, असं तू विचारलंस. ते सापडतं त्या अर्ध्या तासाच्या चालण्यातच. म्हणून सविस्तर लिहितो.

साध्या शूटिंग गेममध्ये वाट आखलेली असते. दार उघडलं की शत्रू समोर येतो, आणि तुझ्या हाती उरतो फक्त नेम. ओपन वर्ल्ड लष्करी गेममध्ये आधी दिशा निवडावी लागते. डोंगरावरून उतरायचं की ओढ्यातून वर चढायचं? दिवसा की रात्री? गाडी कुठं सोडायची, परत कुठल्या वाटेनं निघायचं? यातला प्रत्येक निर्णय नंतर वसूल होतो. बोहेमिया इंटरअ‍ॅक्टिव्ह या चेक कंपनीनं २००१ मध्ये ‘ऑपरेशन फ्लॅशपॉइंट’ काढला, तेव्हाच एव्हरॉन नावाचं अख्खं बेट खेळाडूसमोर मोकळं ठेवलं होतं. त्याच कंपनीच्या ‘आर्मा ३’मधलं (२०१३) अल्टिस बेट सुमारे २७० चौरस किलोमीटरचं आहे आणि ते ग्रीसच्या लेमनोस बेटावर बेतलेलं आहे. खऱ्या जमिनीच्या चढउतारांवरून बनवलेला मॅप खेळताना लगेच जाणवतो. खोलगट पट्टे, आडोसे, अचानक उघडी पडणारी शेतं हे सगळं तिथं आपसूक असतं, कुणी खेळाडूच्या सोयीसाठी मांडून ठेवलेलं नसतं.

आता एखाद्या चौकीवरचा हल्ला घे. नवखा माणूस गाडीनं थेट फाटकाशी जातो. तू तसं करू नकोस. चौकीपासून ५०० ते ६०० मीटरवर उंचवटा शोध, पण त्याच्या माथ्यावर उभा राहू नकोस. माथ्यावर मागे आकाश असतं आणि तुझी आकृती लांबूनही उठून दिसते. माथ्याच्या जरा खाली, पुढच्या उतारावर पालथा पड. सूर्य पाठीशी असेल तर फारच चांगलं. दुर्बिणीतून निदान पाच मिनिटं बघ आणि मॅपवर खुणा कर: मशीनगन कुठं आहेत, टेहळणीच्या मनोऱ्यावर किती जण, गस्तीची फेरी किती वेळात पूर्ण होते, रेडिओचा अँटेना कुठं आहे. त्यानंतरच ठरव की आधी काय पाडायचं. बऱ्याच गेममध्ये कुमक रेडिओवरून बोलावली जाते. ‘मेटल गिअर सॉलिड ५: द फँटम पेन’मध्ये चौकीची संपर्कयंत्रणा उडवली की तिथल्या सैनिकांची हाक मुख्य तळापर्यंत पोचत नाही. विमानविरोधी रडार उडवलं तर तुझं हेलिकॉप्टर जवळ उतरू शकतं. म्हणजे स्फोटकांचा एक तुकडा योग्य जागी लागला, तर वीस माणसांशी लढायची वेळच येत नाही.

गोळीबाराचं गणितही समजून घे, कारण ‘आर्मा’त नेम चुकतो तो बहुतेक वेळा हात थरथरल्यामुळे नाही, तर अंतर न मोजल्यामुळे. रायफलची गोळी साधारण सेकंदाला ८०० मीटर वेगानं निघते आणि हवेच्या रोधामुळे वाटेत मंदावते. ४०० मीटर गाठायला तिला अर्ध्या सेकंदाहून थोडा जास्त वेळ लागतो. झिरोइंग, म्हणजे बंदुकीचा नेम ज्या अंतरासाठी जुळवलेला असतो ते, २०० मीटरवर ठेवून ४०० मीटरवरच्या माणसाच्या छातीवर नेम धरलास, तर गोळी पाऊण-एक मीटर खाली, म्हणजे गुडघ्याच्या आसपास जाते. ‘आर्मा ३’मध्ये पेज अप आणि पेज डाउननं झिरोइंग बदलतं. ते आधी अंतराशी जुळव, मग छातीवर नेम धर. माणूस आडवा धावत असेल, तर तेवढ्या वेळात तो अडीच-तीन मीटर पुढे गेलेला असतो. तेव्हा नेम त्याच्यावर नाही, त्याच्या पुढच्या मोकळ्या जागेवर धरायचा.

अंतर मोजायचं साधन स्कोपमध्येच असतं. रेघा मिलमध्ये (मिल हे कोन मोजायचं माप) असतील तर १ मिल म्हणजे १००० मीटरवर १ मीटर. उभा माणूस सुमारे १.८ मीटर धरला, तर तो ३०० मीटरवर ६ मिल दिसतो आणि ६०० मीटरवर ३ मिल. एवढे दोनच आकडे पाठ असले तरी बरंच काम भागतं.

आणि कान उघडे ठेव. गोळी आवाजापेक्षा वेगानं जाते, म्हणून आधी जवळून कडाड असा आवाज येतो आणि मग बंदुकीचा ठप्प. नवखे त्या कडाडाच्या दिशेनं बघतात आणि फसतात. तो आवाज गोळीच्या वाटेचा असतो. शत्रूची दिशा सांगतो तो नंतरचा ठप्प. दोन्हींमध्ये अर्धा सेकंद गेला तर शत्रू साधारण ३०० मीटरवर, पाऊण सेकंद गेला तर ६०० च्या आसपास. सायलेन्सर लावूनही वेगवान गोळीचा कडाड राहतोच. सायलेन्सर फक्त ठप्प दाबतो, म्हणजे तुझी जागा लपवतो. ‘सायलेन्सर लावला तरी सगळे सावध कसे झाले’ ही तक्रार यातूनच येते.

मला या प्रकारातलं सगळ्यात भावतं ते असं, की जग तुझ्या सवयी ओळखतं. ‘फँटम पेन’ (२०१५) यात अजून सगळ्यांच्या पुढे आहे. डोक्यात गोळ्या मारत राहिलास तर पुढच्या तळांवर सैनिक हेल्मेट घालून दिसू लागतात. रात्रीच हल्ले केलेस तर त्यांच्याकडे अंधारात बघायच्या दुर्बिणी येतात. मग आपली माणसं पाठवून त्यांचा हेल्मेटचा पुरवठाच तोडता येतो. एकच युक्ती घासत बसणाऱ्याला हा गेम हळूहळू कोपऱ्यात घेतो, आणि ते मला अगदी योग्य वाटतं.

‘फार क्राय २’ (२००८) वेगळ्या वाटेनं तिथंच पोचतो. शत्रूची पडलेली बंदूक गंजलेली असते आणि ऐन वेळी अडकते, म्हणून दुकानातून स्वतःची नवी घ्यावी लागते आणि ती जुनी झाली की बदलावी लागते. सुक्या गवताला लागलेली आग वाऱ्याबरोबर पसरते, तेव्हा आग लावण्याआधी वारा कुठल्या दिशेनं आहे ते बघ. मॅप हातात धरलेला कागद असतो, तो बघताना खेळ थांबत नाही. दोषही मोठा आहे: मोकळी केलेली चौकी थोड्याच वेळात पुन्हा भरते आणि प्रवासाचा वीट येतो. तरी खेळावाच असा गेम आहे.

चौघं मित्र मिळून खेळायचं असेल तर ‘घोस्ट रिकॉन वाइल्डलँड्स’ (२०१७) घे. बोलिव्हियावर बेतलेला प्रचंड मुलूख आहे. ड्रोननं शत्रू हेरायचे, प्रत्येकानं एकेक वाटून घ्यायचा आणि तीनपर्यंत मोजून एकदम गोळी सोडायची. ते जमलं की चौकीत एकही हाक न उठता काम होतं. गडबड होते ती दोघांनी एकच माणूस निवडल्यामुळे, म्हणून निवड मोठ्यानं बोलून दाखवायची. त्याचा पुढचा भाग ‘ब्रेकपॉइंट’ (२०१९) आला तेव्हा बंदुकांना आणि कपड्यांना लेव्हल होत्या आणि लष्करी गेमचा जीवच गेला होता. मार्च २०२० मध्ये ती पद्धत बंद करायची सोय आली. खेळलास तर ती पहिल्यांदा बंद कर.

तुझं संपणं बहुतेक पुढच्या कारणांनी होत असणार. एक, ओझं. रॉकेट लाँचर, दोन बंदुका, दहा मॅगझिन घेऊन निघालास तर ‘आर्मा ३’मध्ये दम लवकर संपतो आणि धापा टाकताना बंदूक हलते. एक रायफल, सहा-सात मॅगझिन, दोन धुराचे बॉम्ब आणि प्रथमोपचार एवढं पुरे. दुसरं, जागा. तीन-चार गोळ्या झाडल्या की सरक, निदान वीस-तीस मीटर, आणि मधे आडोसा असू दे. तिसरं कारण फार कमी लोकांच्या लक्षात येतं: दूरचं गवत बऱ्याच गेममध्ये स्क्रीनवर रेखाटलंच जात नाही. तुला वाटतं तू गवतात लपलास, पण ५०० मीटरवरच्या खेळाडूला तू उघड्या हिरव्या जमिनीवर पडलेला दिसतोस. म्हणून गवतावर भरवसा ठेवू नकोस. दगड, भिंत, जमिनीची घडी यांवर ठेव.

गेम अडखळत चालतो असंही तू लिहिलंस. ‘आर्मा ३’मध्ये प्रत्येक सैनिकाच्या हालचालीचा हिशेब प्रोसेसरवर पडतो, त्यामुळे नुसतं ग्राफिक्स कार्ड बदलून फारसा फरक पडत नाही. सेटिंगमध्ये दृश्याचं अंतर, म्हणजे किती लांबपर्यंतची जमीन दिसते ते, २५०० मीटर आणि वस्तूंचं १२०० च्या आसपास आण. पायदळाच्या मिशनला तेवढं पुरतं. हेलिकॉप्टर चालवायचं असेल तेव्हा वाढव.

या मोकळेपणाचं फळ गेमच्या बाहेरही आलंय. डीन हॉल यांनी २०१२ मध्ये ‘आर्मा २’वर ‘डेझी’ हा मॉड, म्हणजे मूळ गेममध्ये बदल करून बनवलेला नवा खेळ, केला. ब्रेंडन ग्रीन यांनी ‘आर्मा’च्याच मॉडमधून बॅटल रॉयालची, म्हणजे शेवटी एकच उरेपर्यंत लढायची, मांडणी घडवली आणि तिथून ‘पबजी’ आला. खेळाडूंच्या हाती एडिटर, म्हणजे स्वतःची मिशन बनवायचं साधन, दिला की असं होतं. तोच एडिटर तूही उघड. अल्टिसवर एखादं टेकडीलगतचं गाव निवड, त्यात आठ शत्रू आणि एक मशीनगन ठेव, स्वतःला दीड किलोमीटरवर उभं कर. तेच मिशन तीन वेगळ्या दिशांनी खेळ, एकदा पहाटे, एकदा भर दुपारी, एकदा धुक्यात. मधे सेव्ह करू नकोस आणि स्क्रीनवरची नेमाची खूण बंद ठेव. कुठल्या दिशेनं जमलं आणि मशीनगन कितव्या मिनिटाला गप्प झाली, ते मला कळव. मिशनची फाइलही पाठव, मी चौथ्या दिशेनं जाऊन बघतो.

तुझा मित्र