मिक्सर घेऊ नकोस, तिकीट काढ

जळगाव
डिसेंबर २०२५

प्रिय नाना,

कसा शे भो? बामणोदची वांगी पोचली. काल रात्री काड्यांच्या जाळावर भाजून भरीत केलं, सोबत कळण्याची भाकरी, आणि जेवताना निम्मा वेळ तुमचाच विषय होता. सोनूला दिवस गेलेत हे वाचून घरात सगळ्यांना फार आनंद झाला. मे महिन्याची तारीख म्हणजे वहिनींना एप्रिलच्या मध्यापर्यंत टोरांटोत पोचायला हवं. तू लिहिलंस की दुकानात उन्हाळ्यात उसंत असते, जमलं तर तूही पंधरा दिवस जाऊन येशील. 'जमलं तर' काय, जायलाच हवंस तू. पहिली नात किंवा नातू आहे.

पण आज लगेच लिहायला बसलो तो तुझ्या पत्राच्या शेवटच्या दोन ओळींमुळे. दुकानाचा माल क्रेडिट कार्डावर घेऊन घेऊन अडीच लाखांच्या घरात बक्षिसाचे पॉइंट जमलेत, आणि बँकेच्या यादीत मिक्सर, कुकर, ट्रॉली बॅग दिसतायत, तर 'एकदाचं घेऊन टाकतो' असं तू लिहिलंस. नाना, हात जोडतो, काही घेऊ नकोस. हे पत्र पूर्ण वाच, मग ठरव.

आधी साधा हिशोब बघ. बँकेच्या यादीत सहा हजारांचा मिक्सर समज २४ हजार पॉइंटला आहे. म्हणजे एका पॉइंटचे तुला २५ पैसे मिळाले. तोच मिक्सर गोलाणी मार्केटमधून घासाघीस करून घेतलास तर सहा हजारही पडणार नाहीत, म्हणजे खरा भाव त्याहून कमी. आता हेच पॉइंट विमान कंपनीच्या खात्यात वळवायचे. दिल्ली–टोरांटो एका बाजूचं तिकीट रोखीने समज ६४ हजार आहे. तेच पॉइंटवर काढलं तर ४० हजार पॉइंट आणि वर ८ हजार रुपये कर. मग ६४ मधून ८ वजा केलेस की राहिले ५६ हजार, त्याला ४० हजाराने भाग. एका पॉइंटला १ रुपया ४० पैसे. आकडे मी समजायला धरलेत, खरे भाव रोज हलतात. पण रीत हीच: रोख भाडं, त्यातून तरीही खिशातून द्यावा लागणारा कर वजा, भागिले लागणारे पॉइंट. दर वेळी कागदावर एवढं मांडायचं आणि मगच बोट लावायचं.

त्यात एक मेख आहे. बँकेचे पॉइंट आणि विमान कंपनीचे पॉइंट यांचा दर प्रत्येक कार्डाला वेगळा असतो. कुठे एकास एक, कुठे दोनास एक. तुझं कार्ड दोनास एकवालं असेल तर वरचा १ रुपया ४० पैशांचा भाव ७० पैशांवर येतो. तरीही मिक्सरच्या जवळजवळ तिप्पट झाला की नाही? देशातल्या देशात मुंबई–दिल्लीसारख्या तिकिटावर हाच हिशोब बहुतेक वेळा फिका पडतो, कारण तिथे रोख भाडंच कमी असतं. लांबचा प्रवास आणि गर्दीचा हंगाम, तिथे पॉइंटचं खरं चीज होतं. सुट्ट्यांत रोख भाडी कुठल्या कुठे जातात. पॉइंटवर राखून ठेवलेली एखादी जागा मात्र जुन्या दरात सापडून जाते.

आता तुमच्या कामाचं सांगतो. लेकीच्या बाळंतपणाला जाणाऱ्या आईचं तिकीट रोखीने काढताना सगळ्यात मोठी पंचाईत परतीच्या तारखेची होते. जायचं ठरतं, यायचं कधी ते बाळ आणि बाळंतीण ठरवतात. कॅनडात व्हिजिटर म्हणून गेलेल्याला साधारणपणे सहा महिने राहता येतं, त्यामुळे वहिनी जूनमध्ये परततील की सप्टेंबरमध्ये, हे आज कोण सांगणार? रोखीत एका बाजूचं तिकीट अनेकदा येण्या-जाण्याच्या तिकिटाच्या निम्म्याहून बरंच महाग पडतं, म्हणून माणूस अंदाजाने परतीची तारीख टाकतो आणि मग बदलायला पैसे मोजतो. पॉइंटवर एका बाजूचं तिकीट बहुतेक कंपन्यांत सरळ निम्म्या पॉइंटांत मिळतं. म्हणजे आत्ता फक्त जाण्याचं काढायचं. परतीचं सोनूचा सव्वा महिना झाल्यावर, निवांत बघून. शिवाय पॉइंटवरचं तिकीट रद्द केलं तर ठरलेली फी कापून पॉइंट खात्यात परत येतात, अशी सोय बऱ्याच कंपन्यांची आहे. फी किती ते काढण्याआधी वाचून घ्यायचं. तारीख पक्की नसलेल्या प्रवासाला याहून सोयीचं दुसरं काही मला तरी माहीत नाही.

कुठल्या कंपनीत पॉइंट वळवायचे? इथे लोक चुकतात, कारण त्यांना वाटतं की ज्या कंपनीच्या विमानात बसायचं तिचेच पॉइंट हवेत. तसं नाही. एअर इंडिया २०१४ पासून स्टार अलायन्स या गटात आहे. एअर कॅनडा, लुफ्थान्सा, सिंगापूर एअरलाइन्स, युनायटेड, टर्किश हे सगळे त्याच गटात. गटातल्या एका कंपनीचे पॉइंट देऊन दुसरीच्या विमानातली जागा घेता येते. दिल्ली–टोरांटोची एकच जागा महाराजा क्लब या एअर इंडियाच्या पॉइंट-योजनेतून वेगळ्या पॉइंटांत पडेल आणि एरोप्लॅन या एअर कॅनडाच्या योजनेतून वेगळ्या. करातही फरक पडतो. काही कंपन्या पॉइंटवरच्या तिकिटावर इंधनाच्या नावाखाली मोठा अधिभार लावतात, आणि 'फुकट' तिकिटाला तीस-तीस हजार मोजायची वेळ येते. एरोप्लॅनने हा अधिभार २०२० मध्ये बंद केला. म्हणून तुझ्या बँकेच्या यादीत कोणकोणत्या विमान कंपन्या आहेत ते मला आधी कळायला हवं. त्या यादीवर अर्धं गणित अवलंबून आहे.

आणि नाना, एक गोष्ट मनावर कोरून ठेव. जागा डोळ्यांना दिसल्याशिवाय पॉइंट वळवायचे नाहीत. बँकेतून विमान कंपनीकडे गेलेले पॉइंट परत येत नाहीत. इथले एक ओळखीचे डॉक्टर आधी सगळे पॉइंट वळवून मोकळे झाले, मग जागा शोधायला बसले. हव्या त्या आठवड्यात एकही नव्हती. दोन वर्षं ते पॉइंट एका अशा कंपनीत अडकले की तिचं विमान त्यांच्या कुठल्याच कामाचं नव्हतं. आधी कंपनीच्या साइटवर खातं उघडायचं (ते फुकट असतं), तारखा टाकून जागा बघायची, गरज पडली तर फोन करून खात्री करायची, आणि मगच वळवायचे, तेही तिकिटाला लागतील तेवढेच. काही बँकांचे पॉइंट लगेच पोचतात, काहींना दिवस लागतात, तेवढी जोखीम उरतेच. म्हणून एकाऐवजी दोन-तीन तारखा बघून ठेवायच्या. पॉइंटच्या जागा बऱ्याच कंपन्या प्रवासाच्या साधारण अकरा-बारा महिने आधी खुल्या करतात, आणि न खपलेल्या पुन्हा शेवटच्या आठवड्यांत सोडतात. आपण मधल्या काळात आहोत, त्यामुळे रोज सकाळी एकदा बघावं लागेल. मंगळवार-बुधवारकडे जास्त लक्ष दे, शुक्रवार-शनिवारी आशा कमी.

वहिनींच्या गुडघ्यांचा विचार माझ्याही मनात आला. तासन्‌तास पाय मुडपून बसायचं. बिझनेस क्लासला पॉइंट दुप्पट-तिप्पट लागतात, आणि कागदावर तिथे भाव फार चढा दिसतो, कारण ते तिकीट रोखीत दोन-अडीच लाखांचं असतं. त्या आकड्याला भुलू नये असं मी नेहमी सांगतो, कारण ते तिकीट आपण रोखीने कधी काढणारच नव्हतो. पण ज्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय त्यांना आडवं पडून जाता येणं याला मी चैन म्हणत नाही. माझं मत विचारशील तर: पॉइंट पुरत असतील तर वहिनींचं जाण्याचं बिझनेसमध्ये, तुझं साध्या वर्गात, दोघं एकाच विमानात. पुरत नसतील तर दोघंही साध्या वर्गात, आणि वहिनींसाठी व्हीलचेअर तिकीट काढतानाच नोंदवायची, तिचे पैसे पडत नाहीत. तू मागे राहून त्यांना एकटीला बिझनेसमध्ये पाठवायचं, हे मला पटत नाही.

भुसावळहून दिल्लीला गाडीने जायचं म्हणत असशील तर मध्ये एक रात्र ठेव. पंजाब मेल असो की कर्नाटक एक्स्प्रेस, थंडीत-उन्हाळ्यात गाडीचा उशीर विमान कंपनी मोजत नाही. त्यापेक्षा मुंबई–दिल्ली–टोरांटो असं एकाच तिकिटात मिळतंय का ते आधी बघू. कित्येकदा मुंबईचा तुकडा जोडल्याने पॉइंट फारसे वाढत नाहीत, आणि पहिलं विमान उशिरा आलं तर पुढच्याची जबाबदारी कंपनीची राहते. डिंकाच्या लाडवांचे डबे घेऊन दिल्लीत धावपळ नको.

नावाचं मात्र आजच बघून घे. आपल्याकडे पासपोर्टवर आडनावाचा एक रकाना असतो आणि नावाचा दुसरा, त्यात बऱ्याचदा नाव आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव असतं. बँकेत आडनाव आधी, दुकानाच्या कागदांवर नुसती आद्याक्षरं. विमान कंपनीचं खातं उघडताना पासपोर्टवर अक्षर न् अक्षर जसं आहे तसंच टाकायचं. मधलं नाव पासपोर्टात पहिल्या नावाच्या रकान्यात छापलेलं असेल तर इथेही तिथेच. काही कंपन्या खातेदाराशिवाय दुसऱ्याचं तिकीट काढायला नॉमिनी आधी नोंदवायला लावतात, सिंगापूर एअरलाइन्सचं तसं आहे. वहिनींचं नाव पहिल्याच दिवशी घालून टाक. आणि त्या रोखीने कुठे उडाल्या तर पॉइंट त्यांच्याही खात्यात जमायला हवेत, म्हणून त्यांचंही वेगळं खातं काढ. बोर्डिंग पास टाकून द्यायचे नाहीत. ते थर्मल कागदाचे असतात, कपाटात ठेवले तरी काही महिन्यांत अक्षरं पिवळट होऊन उडतात. घरी आल्या आल्या मोबाइलवर फोटो काढायचा. पॉइंट जमा झाले नाहीत तर कंपनी तिकीट क्रमांक आणि तो पास मागते, आणि दाव्याला मुदत असते.

तू विचारलं होतंस की पॉइंट आणखी साठवून ठेवू का. नको. पॉइंट म्हणजे कापलेला केळीचा घड, ठेवून भाव वाढत नाही. किंगफिशर २०१२ मध्ये जमिनीवर आली तेव्हा तिच्या पॉइंटांवर उडायला विमानच उरलं नाही. जेटची विमानं एप्रिल २०१९ मध्ये थांबली. विस्तारा विमान कंपनीच्या प्रवाशांचं नशीब चांगलं, नोव्हेंबर २०२४ मध्ये कंपनी एअर इंडियात विलीन झाली तेव्हा त्यांचे पॉइंट एकास एक दराने वळले. पण कंपनी धडधाकट असली तरी एका रात्रीत दर बदलते. काल ४० हजारांत मिळणारी जागा आज ५५ हजारांत, आणि त्याविरुद्ध कुठे दाद मागता येत नाही, कारण पॉइंट कंपनीच्या मर्जीचे असतात हे अटींत लिहिलेलंच असतं. म्हणून आधी प्रवास ठरवायचा, त्याला लागतील तेवढे पॉइंट जमवायचे आणि वापरून मोकळं व्हायचं. तुझा प्रवास ठरलाय, पॉइंट जमलेत. आता वाट कशाची बघायची?

एकच काळजी वाटते ती कार्डाची. खरिपाआधी तू खत-बियाण्यांचा मोठा माल उचलतोस आणि शेतकऱ्यांकडून पैसा यायला केळी कटाईपर्यंत वेळ लागतो. पॉइंटसाठी म्हणून एक रुपयाही थकवू नकोस. थकबाकीवर महिन्याला साडेतीन टक्के व्याज म्हणजे वर्षाला ४२ टक्के, त्यापुढे सगळे पॉइंट कस्पटासमान. आणि पुरवठादार कार्डावर दोन टक्के जास्त मागत असेल तर तेही मोज. शंभर रुपयांवर तुला तीन पॉइंट मिळत असतील आणि एकाचे ७० पैसे धरलेस, तर हाती दोन रुपये दहा पैसे. दोन देऊन दोन रुपये दहा पैसे मिळवायचे, त्यापेक्षा चेक दे.

मला तीन गोष्टी कळव: कार्डाचं नेमकं नाव, बँकेच्या यादीतल्या विमान कंपन्या आणि प्रत्येकीचा दर, आणि तुम्हा दोघांची पासपोर्टवरची नावं. कार्डाचा नंबर मलाही पाठवायचा नाही. येत्या रविवारी सकाळच्या एसटीने फैजपूरला येतो, दुपारपर्यंत बसून एप्रिलच्या जागा बघू. सोनूला रात्री जागं राहायला सांग, तारखा तिच्याशी बोलूनच पक्क्या करायच्या.

वहिनींना नमस्कार, सोनूला आशीर्वाद.

तुझा,
मधू

ता. क. अडीच लाखांतले किती पॉइंट कधी संपतात हे बँकेच्या ॲपवर दिसतं. मार्चअखेर काही जाणार असतील तर आजच फोन कर, रविवारची वाट बघू नकोस.