कोलॅजेन घ्या, पण कोणते?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या पुरवणीतील कोलॅजेन घ्या असे सुचवणारा लेख वाचला. मिरजेत माझे औषधांचे दुकान आहे. दुसऱ्याच दिवशी कात्रण घेऊन गिऱ्हाईक काउंटरवर हजर! ‘गुडघ्याला, केसांना, चेहऱ्याला, सगळ्याला चालतं म्हणे,’ असे सांगत एक काकू कोलॅजेन पावडरचा डबा मागत होत्या. गळ्यात तुळशीची माळ.

कोलॅजेन म्हणजे शरीराला बांधून ठेवणारे प्रथिन, पण तो एकच एक पदार्थ नाही. त्याचे 28 प्रकार माहीत आहेत. शरीरातले बहुतांश, म्हणजे सुमारे 90 टक्के, पहिल्या प्रकारचे. ते त्वचेत, हाडांत आणि स्नायू हाडाला बांधणाऱ्या कंडरांत असते. तिसरा प्रकार बहुधा त्याच्याच जोडीने रक्तवाहिन्यांच्या, आतड्यांच्या भिंतींत सापडतो. गुडघ्याच्या कूर्चेत, म्हणजे हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत गादीत, मात्र मुख्यतः दुसरा. चौथ्याचे तर धागेच होत नाहीत, जाळी होते. मूत्रपिंडात रक्त गाळणाऱ्या पडद्याचा आधार तीच जाळी. ती जन्मतः सदोष असली तर लघवीतून रक्त जाते, पुढे ऐकूही कमी येऊ लागते. तीन साखळ्यांचा पीळ ही कोलॅजेनची रचना 1954-55 च्या सुमारास मद्रासला जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कार्था या शास्त्रज्ञांनी मांडली. लेखात त्यांच्यासाठी एक ओळ तरी हवी होती.

बाजारातली बहुतेक पावडर पहिल्या आणि तिसऱ्या प्रकारची असते आणि विकली जाते गुडघ्याच्या नावाने. पोटात गेल्यावर तिचे पचन होऊन तुकडे होतात. ते नेमके गुडघ्यातच जाऊन बसतील याची हमी कोण देणार? काही चाचण्यांत थोडा गुण दिसला आहे, नाही असे नाही. पण त्यातल्या बऱ्याच चाचण्यांचा खर्च विकणाऱ्यांनीच केलेला. शरीर स्वतःचे कोलॅजेन बनवते, त्याला प्रथिने आणि क जीवनसत्त्व लागते. डाळ-उसळ, पेरू, आवळा यांची जाहिरात कोण करणार म्हणा!

राहिली माळेची गोष्ट. ही पावडर माशांच्या किंवा गुराढोरांच्या कातडी-हाडांपासून काढतात. ‘व्हेज कोलॅजेन’ लिहिलेल्या डब्यात बहुतेक वेळा कोलॅजेन नसतेच, जीवनसत्त्वे आणि अमिनो आम्ले असतात. काकूंना डब्यावरची मांसाहाराची तपकिरी खूण दाखवली, तेव्हा त्यांनी तो दोन बोटांनी माझ्याकडे सरकवला.

यापुढे असे लेख छापताना कोलॅजेनचा प्रकार कोणता आणि ते कशापासून काढले, एवढे दोन तपशील तरी द्यावेत, ही विनंती.

आपला,
एक औषधविक्रेता, मिरज (जि. सांगली)